सांजेचं भांडण

धारा काढून झाल्या की मुक्ताबाई हात धुवायच्या, पदराला कोरडे करायच्या, तरी तळवे एकदा लुगड्यावर घासून घ्यायच्या आणि मगच माउसला हात लावायच्या. ओल्या हातानं त्या यंत्राला शिवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. पडद्यावर एक नारिंगी शंकू होता, यवतच्या हायवेवर रस्ता खणला की मांडून ठेवतात तसला. त्या त्याला टोपडं म्हणत. टोपड्यावर दोनदा टिचकी मारायची आणि आवाज यायच्या आधीच पाठ फिरवून अंगणात जाऊन उभं राहायचं. छपराच्या वाशाला बांधलेला भोंगा आधी खरखरायचा, मग एका बाईचा चढा आवाज उसावरून पसरत जायचा. तो कानावर आला की मुक्ताबाई म्हणायच्या, "आली रंगू." आणि देवापुढं दिवा लावायला आत वळायच्या.

त्यांची सून अनुपमा तोवर चुलीपाशी बसलेली असायची. सासूच्या तोंडचे दिवसातले निम्मे शब्द हेच, असं ती माहेरी गेल्यावर सांगायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

अनुपमा यवतची. स्टँडसमोर वडिलांचं झेरॉक्स आणि मोबाईलचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. ट्रकांचे हॉर्न, धाब्यावरची गाणी, पुण्याच्या गाडीला हात करणारी माणसं, यांच्या आवाजातच ती झोपायला शिकली होती. लग्न होऊन ती मांडवगण फराट्याच्या या वस्तीवर आली तेव्हा पहिले काही दिवस तिला शांततेनं जाग यायची. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला बांध, बांधापलीकडं सासूच्या धाकट्या जावेची, रंगुबाईची वस्ती, आणि त्यापुढं नदी. घरात सासरे हौसराव होते तोवर निदान बोलणं होतं. हौसराव दोघांच्या वाटचं बोलायचे. ते गेले आणि त्यांच्याबरोबर घरातला आवाजही गेला.

मुक्ताबाई नदीपलीकडच्या, राहूच्या. राहूच्या माणसांना बोलायला काही कमी पडत नाही, पण या बाईकडं मात्र एक 'हुं' होता. होकाराचा हुं, नकाराचा हुं, आणि ऐकलंय पण सांगणार नाही असा एक हुं. अनुपमाला हे तिन्ही ओळखता यायला बराच काळ गेला. म्हशींशी त्या टाळूला जीभ लावून बोलायच्या, आणि म्हशींना ते पुरायचं. अंधारात नुसत्या श्वासावरून कोणतं जनावर आजारी आहे ते त्यांना कळायचं. चिडलेल्या अनुपमानं कधी ही बाई ऐकते तरी का म्हणावं, तर आठवडाभरापूर्वी ती सहज बोलून गेलेली भाजी ताटात दिसायची.

उसात बिबट्या असणं ही त्या भागात बातमी राहिलेली नाही. पण त्या हिवाळ्यात त्यानं त्यांच्या अंगणातून कुत्रं उचललं, आणि पंधरवड्यानं पलीकडच्या शिवारातलं वासरू. अनुपमाचा नवरा सत्यजीत रांजणगावला कंपनीत शिफ्टनं कामाला. चार वर्षांची करिश्मा घरात, बायको आणि आई दोघीच वस्तीवर, हे त्याच्या डोक्यातून जाईना. एका संध्याकाळी जेवताना त्यानं सांगून टाकलं. हा ऊस तुटेपर्यंत बघायचं. तेवढ्यात परत काही झालं, तर गुरं विकायची आणि सगळ्यांनी शिरूरला राहायला जायचं. एसटी स्टँडच्या मागं त्यानं दोन खोल्या बघूनही ठेवल्या होत्या.

मुक्ताबाई म्हणाल्या, "हुं."

तो तिन्हींपैकी कोणता, हे अनुपमाला त्या दिवशी ओळखता आलं नाही. ओळखायची तिला इच्छाही नव्हती. शिरूर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर शाळेची व्हॅन आली, संध्याकाळचा बाजार आला, भिंतीपलीकडून ऐकू येणारा शेजाऱ्यांचा टीव्ही आला. तिला जायचं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सासूनं मात्र त्या रात्री म्हशींना वैरण टाकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, एवढं तिनं पाहिलं.

वनखात्याची माणसं वस्त्यावस्त्यांवर सांगून गेली होती की दिवा ठेवा, आवाज ठेवा, माणसाचा वावर आहे असं जनावराला वाटलं पाहिजे. मुक्ताबाईंनी आधी हौसरावांचा रेडिओ खांबाला टांगला. त्याचे सेल उतरले की तो आजाऱ्यासारखा कण्हायचा. मग सत्यजीतच्या ठेकेदाराच्या ऑफिसातून एक जुना कॉम्प्युटर निघाला, तो त्यानं घरी आणला. करिश्मा मोठी झाली की कामाला येईल म्हणून. मुक्ताबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याला रेडिओवानी बोलता येतं का?"

बोलता येत होतं, पण बोलतं करणं सोपं गेलं नाही. गावातल्या मंडपवाल्याकडून एक पोचे पडलेला भोंगा आणि त्याचं अॅम्प्लिफायर आणलं. वायरीची पिन सत्यजीतनं कॉम्प्युटरच्या पाठीमागं गुलाबी भोकात खोचली, आणि आवाज का येत नाही म्हणून सगळं घर तासभर भोंग्याच्या तोंडात वाकून बघत राहिलं. हिरव्या भोकात पिन घातल्यावर पहिला आवाज आला तो कॉम्प्युटरच्या सूचनेचा, टिंग असा, भोंग्यातून एवढा मोठा की म्हैस दावं ओढून उभी राहिली. त्या सूचनांचे आवाज अनुपमानं बंद केले. फोनवरची रेकॉर्डिंग त्यातलं आयतं प्लेअर उघडेना, म्हणून मोबाईलचं नेट जोडून तिनं ते नारिंगी शंकूचं प्लेअर उतरवून घेतलं. मग कळलं की यादी एकदा वाजून संपली की ते गप्प बसतं. फिरून फिरून वाजवायचं बटण वेगळं असतं. ते सापडलं, तर थोड्या वेळानं कॉम्प्युटरच झोपी जायचा. त्याची झोप मोडायची सेटिंग शोधण्यात आणखी एक दुपार गेली.

मुक्ताबाई मागं उभ्या राहून सगळं बघायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी अनुपमाला तापाची कणकण होती, ती संध्याकाळी पडून राहिली, तर वेळेवर भजन सुरू झालं. सासूबाईंनी लावलं होतं.

पण भजनाला बिबट्या सरावला. भजनाला, बातम्यांना, सत्यजीतच्या लग्नातल्या हलगीला. एका सकाळी भोंग्याच्या बरोबर खाली ओल्या मातीत पंजाचे ठसे उमटलेले होते. आता तो अभंग ऐकायला येतो, अशी डेअरीवर थट्टा झाली. अनुपमाला वाटलं, माणसं एकमेकांशी बोलतात तसं बोलणं पाहिजे, मागंपुढं होणारं, मध्येच वर जाणारं. तिनं सासूपुढं फोन धरला आणि बोला म्हणाली. मुक्ताबाई फोनकडं बघत राहिल्या. त्या रेकॉर्डिंगमध्ये भांडी घासल्याचा आवाज आला, एकदा करिश्मा शिंकली, आणि शेवटी "काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाई बांधावर गेल्या. अनुपमाला त्यांनी फोन घेऊन यायला सांगितलं. रंगुबाई पलीकडं मेथी खुरपत होत्या. या दोघी जावा कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्नात, दहाव्याला समोरासमोर आल्या तर पदर सावरायच्या आणि बाजूनं निघून जायच्या. म्हणून सासूनं हाक मारलेली ऐकून अनुपमा जागच्या जागी थांबली.

"रंगू, मला भांडण पायजे."

रंगुबाईंनी खुरपं खाली ठेवलं. "कशाला?"

"वाघाला."

मग अनुपमानंच पुढं होऊन सगळं समजावून सांगितलं. रंगुबाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्याही शेळ्या होत्या, आणि भोंगा बांधाच्या बाजूनं तोंड करून लावला तर त्यांच्या गोठ्यापर्यंत आवाज पोचणार होता. कशावरून भांडायचं, एवढंच त्यांनी विचारलं. तुला वाटेल त्यावरून, असं उत्तर मिळालं.

सुरुवात नाटकासारखीच झाली. रंगुबाईंनी कंबरेवर हात ठेवून मुक्ताबाईंच्या कोंबड्यांना नावं ठेवली, त्या बांध ओलांडून येतात आणि मेथी उकरतात म्हणून. मुक्ताबाई तयारीनं आल्यासारख्या दोन वाक्यं बोलल्या. रंगुबाईंनी मग कोंबड्यांवरून शेळ्यांवर, शेळ्यांवरून विहिरीवर उडी घेतली, आणि विहिरीपाशी आल्यावर त्यांचा आवाज बदलला. चढला नाही, खाली आला.

विहीर दोघा भावांची सामायिक. एका उन्हाळ्यात रंगुबाईंच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी हौसरावांनी आपली मोटार चालू केली, पाणी आपल्या उसाला घेतलं, आणि रंगुबाईंचा पोसत आलेला कांदा रानातच सुकला. त्यावरून भांडण झालं असतं तर ते मिटलंही असतं. ते झालंच नव्हतं.

"माझा कांदा जळत व्हता, बाई," रंगुबाई म्हणाल्या, "आन् तुमी हितंच उभ्या व्हता. मोटार चालू हाय, दिसत व्हतं तुमाला. एक शब्द तोंडातनं काढला न्हाई तुमी."

फोन चालू होता. कुठंतरी टिटवी ओरडली. अनुपमाला वाटलं, आता सासूबाई वळून घरी जातील.

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "हितंच उभी व्हते."

त्यानंतर रंगुबाईंनी जे तोंड सोडलं ते नदीपर्यंत ऐकू गेलं असेल. तोंड शिवून जन्माला आलेली बाई, दगडाला पाझर फुटेल पण हिला नाही, दिराला माणूस कळलं नाही ते हिच्या मुकेपणानं. सगळ्या शिव्या अहो-जाहो करून, बाई-बाई म्हणत. जावेचा मान कुठं सुटला नाही. मुक्ताबाईही मग बोलल्या, जेवढं त्यांना येत होतं तेवढं. शेवटी रंगुबाईंचा घसा बसला, त्यांनी खुरपं उचललं आणि विचारलं, "झालं का पुरेसं?"

घरी आल्यावर अनुपमानं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं आणि दबकत विचारलं, "कांद्याचं तेवढं काढून टाकू का, आत्या?"

"नगं," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिथनंच तर रंगू जोरात हाय."

पहिल्या संध्याकाळी ते भोंग्यावर लागलं तेव्हा रंगुबाईंचे मालक ज्ञानदेव डेअरीवरून येत होते. बायकोचा आवाज ऐकून ते दुधाची किटली वाटेतच ठेवून उसातून आडवे पळत सुटले. घरी पोचले तर बायको चुलीपाशी भाकरी थापत होती आणि बाहेर तिचाच आवाज तिच्या जावेची लक्तरं काढत होता. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं बॅटऱ्या घेऊन आली, आणि भोंग्याकडं बघून, हसून परत गेली. नंतर सगळ्यांना सवय झाली. सकाळी डेअरीवर आज कोण जिंकलं असं विचारलं जायचं. जनावर मात्र फिरकलं नाही. भजनात, बातम्यांत आणि दूध घालायच्या वेळी रेकॉर्ड केलेल्या गप्पांत मिसळून ते भांडण प्लेअर कधीही, कसंही वर काढायचं, त्यामुळं ते कुणालाच सरावाचं होईना. फक्त सांजेची सुरुवात मुक्ताबाई त्यानंच करायच्या. आणि मधली ती शांतता, टिटवीची, ती आली की अनुपमाचा हात परातीत थांबायचा. मुक्ताबाई त्या वेळी नेमक्या अंगणात असायच्या किंवा नसायच्या, पण कामात असायच्या.

ऊसतोडीची टोळी शेजारच्या शिवारात आली, आणि तुटलेल्या फडातून जनावर उरलेल्या उसाकडं सरकणार हे सगळ्यांना कळलं. त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. सत्यजीत पहिली शिफ्ट करून घरी आला होता. गळ्यातला हेडफोन त्यानं दाराजवळच्या खिळ्याला अडकवला आणि हातपाय धुवायला गेला. मुक्ताबाईंनी धारा काढल्या, हात कोरडे केले, टोपड्यावर टिचकी मारली आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

भोंगा खरखरला नाही.

त्या परत आत आल्या. पडद्यावर सगळं नेहमीसारखं चालू होतं, वेळ पुढं सरकत होती. त्यांनी अनुपमाला हाक मारली. अनुपमानं आवाजाची पट्टी वर केली, हिरव्या भोकातली पिन काढून पुन्हा घातली, अॅम्प्लिफायरचा लाल दिवा बघितला. सगळं ठीक होतं आणि काही वाजत नव्हतं. बाहेर शेळ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. त्या ओरडत नव्हत्या, हेच वाईट होतं.

सत्यजीत टॉवेलनं तोंड पुसत आला. एकदा कॉम्प्युटरकडं, एकदा उसाकडं बघून तो म्हणाला की यंत्राच्या भरवशावर किती दिवस काढायचे, त्यापेक्षा आता आवराआवरीला लागू. रागानं नाही म्हणाला. दमून म्हणाला.

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला. भोंग्याचा नाही, मोकळ्या गळ्याचा.

"अवं बाई, कोंबड्या आवरा तुमच्या!"

रंगुबाई होत्या. सांजेचं भांडण लागलं नाही हे त्यांना कळलं होतं, आणि त्या आपल्या बांधावर येऊन पहिल्यापासून सुरू झाल्या होत्या. रोज ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातली बॅटरी घेतली, काठी घेतली आणि त्या घाईघाईनं बाहेर गेल्या. सत्यजीत त्यांच्या मागं. थोड्या वेळानं मुक्ताबाईंचं उत्तर ऐकू आलं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, जिथल्या तिथं. आणि मग रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं असं तिसरं, चौथंही.

अनुपमा करिश्माला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तेव्हा तिला कानाजवळ काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं. चिलटासारखं. खिळ्याला लटकलेल्या हेडफोनातून दोन बायका भांडत होत्या, अगदी बारीक, नखाएवढ्या. गेल्या महिन्यात सत्यजीतनं करिश्माची झोप मोडू नये म्हणून क्रिकेट बघायला तो हेडफोन कॉम्प्युटरला बिनतारी जोडला होता. आज बंद न करताच त्यानं तो टांगला, आणि भोंग्याचा आवाज हेडफोननं खिळ्यावर बसल्या बसल्या ओढून घेतला होता.

ती बघत राहिली. हेडफोनावर बंद करायचं एक बटण होतं. दाबलं नसतं तरी कुणाला काही कळलं नसतं. यंत्र बंद पडलं एवढंच कळलं असतं, आणि उन्हाळ्याच्या आत शिरूरच्या दोन खोल्या, व्हॅन, बाजार. कानाशी त्या बारक्या आवाजातली रंगुबाई म्हणत होती, तुमी हितंच उभ्या व्हता. मग बारकी टिटवी ओरडली.

अनुपमानं बटण दाबलं.

भोंगा एकदम फुटल्यासारखा सुरू झाला. बांधावर एक रंगुबाई आणि वाशावर दुसरी, दोघी एकाच वेळी. बांधावरच्या दोघी गप्प झाल्या. मग अंधारातून रंगुबाईंचं हसू ऐकू आलं, आणि त्यामागोमाग मुक्ताबाईंचं. ते अनुपमानं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सत्यजीत परत आला तेव्हा तिनं हेडफोन त्याच्या हातात दिला. "मशीन बंद पडलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्या ह्याच्यात वाजत होतं."

सकाळी वाटेवर ठसे होते. उसातून निघून बांधाच्या दिशेनं आलेले, आणि बांधाच्या बरंच अलीकडून नदीकडं वळलेले. सत्यजीतनं ते बघितले, घरी येऊन कॉम्प्युटरमधून हेडफोनची जोडणी कायमची काढून टाकली, आणि ऊस तुटला तरी शिरूरचं नाव काढलं नाही. अनुपमानंही काढलं नाही. तिला अजूनही अधूनमधून यवतचे हॉर्न आठवायचे. पण करिश्माची शाळेची गाडी पुढच्या वर्षी वस्तीच्या फाट्यापर्यंत यायला लागली, आणि एवढ्यावर भागवणं तिला जमत गेलं.

जनावर सरावू नये म्हणून दर हंगामाला नवीन भांडण लागायचं. दोघी ठरवून बांधावर बसायच्या, मध्ये अनुपमाचा फोन. विषय लवकर संपले. मग भाजीत मीठ किती, सून कुणाची बरी, राहूची माणसं चेंगट की मांडवगणची, यावर त्या भांडायच्या, आणि फोन बंद झाल्यावरही बसून राहायच्या. बोलायच्या रंगुबाईच. मुक्ताबाईंकडं त्यांचे ते हुं होते. रोज सांजेला मात्र त्या जुनं, पहिलंच भांडण आधी लावत. त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

परवाच्या आश्विनात एका सकाळी त्यांच्या छातीत जड झालं. त्यांनी धारा पुऱ्या केल्या आणि मग सांगितलं. सत्यजीतनं दौंडला न्यायला गाडी आणली. दौंडहून त्या परत आल्या नाहीत. पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि अनुपमाला जवळ बोलावलं. तिला वाटलं, म्हशीच्या औषधाचं काही असेल.

"सांजच्याला येळंवर लाव," मुक्ताबाई म्हणाल्या. "न्हाईतर रंगू उगं घसा ताणत बसंल."